‘येते’ म्हणून जाणे

मराठी घरातून बाहेर पडणारा माणूस सहसा ‘जातो’ असे म्हणत नाही. तो कोपऱ्यावरच्या दुकानात निघालेला असो की सातासमुद्रांपलीकडे, उंबरठ्यावर त्याच्या तोंडून शब्द निघतो तो ‘येतो’ हाच. लहानपणी कोणी चुकून ‘जातो’ म्हटले की घरातील वडीलधारे माणूस लगेच त्यास अडवी, आणि ‘जातो म्हणू नये, येतो म्हणावे’ असे सांगून शब्द बदलून घेई. ‘जाणे’ या क्रियापदावर मरणाची छाया आहे, म्हणूनच आपल्या पूर्वजांनी रोजच्या जाण्यासही येण्याचे नाव दिले असावे. केवळ व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर हे विधान खोटे आहे. कारण बोलणारा त्या क्षणी येत नसून जात असतो. परंतु त्यास कोणी खोटे म्हणत नाही. ऐकणाऱ्यास त्यात एक वचन ऐकू येते, आणि संध्याकाळी ते वचन पुरे झाले म्हणजे सकाळचे विधान खरे ठरते.

परंतु हे सारे ज्याच्या बाबतीत गृहीत धरता येत नाही असा एखादा श्रोता दाराशी उभा असेल तर? शब्दाचा अर्थ जो शब्दाइतकाच घेतो, संध्याकाळची कल्पना ज्याच्या मनात केवळ शब्दांनी उभी राहत नाही, आणि आपल्या मनातील भीती ज्यास बोलून दाखविता येत नाही, अशा मुलास घरी ठेवून त्याची आई कामावर जावयास निघाली, तर तिने त्यास काय सांगावे? की काहीच न सांगता, त्याची नजर चुकवून निघून जावे? प्रश्न दिसावयास घरगुती आहे. परंतु सत्य आणि दया यांपैकी कोणाचे ऐकावे, हा नीतिशास्त्रातील जुना वाद त्यात पुरता भरलेला आहे असे आम्हांस वाटते.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात हा प्रश्न उभा राहिला होता. कुटुंब डोंबिवलीचे, आई, वडील, आजी आणि साडेचार वर्षांचा एक मुलगा. मुलगा तीन वर्षांचा असता तो स्वमग्न असल्याचे निदान झाले, तेव्हा आईने मुंबईतील आपली हिशेबनिसाची नोकरी सोडली. दीड वर्ष ती त्यास उपचारांच्या वर्गांस नेत होती. घरी त्याच्यासमोर बसून त्याच्याकडून मणी ओवून घेत होती, शब्द म्हणवून घेत होती. मुलाच्या तोंडी शब्द थोडे, आणि तेही अख्खेच्या अख्खे उचललेले. तहान लागली म्हणजे तो ‘तुला पाणी हवंय का?’ असे म्हणे. कारण पाणी मिळण्यापूर्वी हेच शब्द त्याच्या कानी पडत असत. पुढे घरखर्च आणि उपचारांचा खर्च एका पगारात भागेना, आणि आईने पुन्हा नोकरी धरली.

पहिल्या दिवशी काय करावे याविषयी घरात आणि शेजारी एकमत होते. ‘मुकाट्याने निघून जा. त्याला काय कळतंय! दोन दिवसांत विसरेल,’ असे सर्वांनी सांगितले. मुलास आगगाड्या पाहण्याचे वेड. आजी त्यास गॅलरीत घेऊन जाई, आणि तेवढ्यात आई चपला हातात घेऊन बाहेर पडे व जिन्यात गेल्यावर त्या पायांत घाली. मुलगा रडला नाही. गॅलरीतून आत आल्यावर तो घरभर एक फेरी मारी, स्वयंपाकघरात डोकावे, आणि आपल्या मण्यांपाशी जाऊन बसे. संध्याकाळी आई परत आली तरी तो तिच्याकडे पाहत नसे. सर्वांस हायसे वाटले. आईसही वाटले, परंतु आपण दिवसभर नव्हतो हे त्याच्या लक्षातच आले नाही की काय, अशी एक बोचरी शंकाही तिच्या मनास चाटून गेली.

दहा-बारा दिवसांनी निराळेच दिसू लागले. मुलगा गॅलरीत जाईना. आजीने हात धरला की तो जमिनीवर अंग टाकून देई. आई न्हाणीघरात गेली तरी तो दारावर डोके आपटी. रविवारी, ती दिवसभर घरी असता, तिच्या ओढणीचे टोक मुठीत धरून तो तिच्यामागे फिरे. रात्री दोन-दोनदा उठून ती अंथरुणात आहे की नाही हे हाताने चाचपून पाही. तिची पिशवी खुंटीवरून खाली आली की किंचाळू लागे. आणि एक नवा शब्द त्याच्या तोंडी आला. बंद दारासमोर उभा राहून तो ‘येते, येते’ असे पुटपुटे. आई पूर्वी भाजी आणावयास खाली जाताना हा शब्द म्हणे आणि थोड्या वेळात परत येई. शब्द स्त्रीलिंगी, जसाच्या तसा आईचा. घरच्यांस प्रथम ती पोपटपंची वाटली. पाणी हवे असता पाण्याआधीचे वाक्य म्हणणारा हा मुलगा, आई हवी असता आईच्या येण्याआधीचा शब्द म्हणत आहे, हे त्यांच्या ध्यानात यावयास आणखी एक आठवडा गेला.

या गैरसमजाचा बराचसा दोष नावाकडे जातो. ‘स्वमग्न’ म्हणजे स्वतःत बुडालेला. आणि ‘ऑटिझम’ हा मूळ शब्दही ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासूनच बनलेला आहे. जो स्वतःत बुडाला त्यास दुसऱ्याच्या जाण्यायेण्याचे सोयरसुतक कसले, असे नाव ऐकताच वाटते. बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांची टिपणे प्रसिद्ध करून या अवस्थेस बालमानसशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळवून दिले. माणसांशी भावनेचे नाते जोडण्याची जन्मजात अक्षमता, हे लक्षण त्यांनी पुढे मांडले. परंतु त्याच लेखात त्यांनी दुसऱ्याही एका लक्षणाची नोंद केली होती. सभोवतालचे सर्व काही जसेच्या तसे राहावे, क्रम मोडू नये, यासाठी या मुलांची व्याकूळ धडपड चालते, असे त्यांस दिसून आले. लोकांच्या मनात पहिले लक्षण ठसले आणि दुसरे मागे पडले. वास्तविक क्रम मोडल्याने जो व्याकूळ होतो, त्याच्या दिवसाचा क्रमच जिच्या हाताने चालतो ती आई एकाएकी नाहीशी झाली तर त्याचे काय होईल, हा प्रश्न तेव्हाच विचारता आला असता.

तो पुढे विचारला गेला. मॅरियन सिगमन आणि ज्यूडी अंगरर यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वमग्न मुलांची आईशी थोड्या वेळेची ताटातूट करून, ती परत आल्यावर मुले कशी वागतात हे पाहिले. अनोळखी माणसापेक्षा आईकडे ही मुले अधिक वळतात, असे त्यांत आढळले. अशा निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा 2004 साली नेदरलँड्समधील संशोधकांनी घेतला, तेव्हा निम्म्याहून किंचित अधिक स्वमग्न मुलांचे आईशी असलेले नाते भरवशाचे, सुरक्षित असल्याचे दिसून आले. हे प्रमाण इतर मुलांपेक्षा कमी आहे, हे खरे. परंतु नातेच नसते ही समजूत त्याने पुरती खोटी पाडली. पुढे 2011 साली झालेल्या अशाच एका आढाव्यात, स्वमग्न मुलांपैकी सुमारे 40 टक्के मुलांस चिंतेचा कोणता ना कोणता विकार जडलेला असतो असे दिसले. तेव्हा या मुलांस जिव्हाळा नसतो असे नव्हे. तो आपल्या ओळखीच्या खुणांनी प्रकट होत नाही, इतकेच.

सामान्य मुलाचीही वियोगाच्या भीतीतून सुटका झालेली नसते. साधारणतः आठव्या महिन्याच्या सुमारास ती भीती दिसू लागते, दुसऱ्या वर्षात वाढते आणि पुढे हळूहळू ओसरते. ती ओसरावी यासाठी आपल्या घरांतून एक बिनखर्चाची शाळा चालत असते. आई पदराआड तोंड लपविते, ‘बुवा कुक’ म्हणून पुन्हा प्रकट होते, आणि मूल खदखदून हसते. जे दिसेनासे झाले ते परत येते, हा धडा मूल शंभर वेळा गिरविते. फ्रॉइड यांनीही आपल्या नातवाचा असाच खेळ पाहून त्यावर 1920 सालच्या आपल्या ग्रंथात पुष्कळ विवेचन केले आहे. तो मुलगा दोरा बांधलेले लाकडी रीळ दूर फेकी आणि पुन्हा ओढून घेई. अनेक स्वमग्न मुले या खेळात रमत नाहीत. शेजारच्या मुलाने हसत-खेळत घेतलेला धडा त्यांस मिळालेलाच नसतो. आणि मग एके दिवशी, पूर्वतयारीवाचून, त्यांची परीक्षा मात्र घेतली जाते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नजर चुकवून निघून जाणे ही फसवणूक आहे काय? पुष्कळ सज्जन माणसे म्हणतील की, नाही. आई खोटे बोललेली नाही, ती काहीच बोललेली नाही. पण महाभारतातील धर्मराजही शब्दशः खोटे बोलला नव्हता. द्रोणाचार्यांस जे ऐकू जावे अशी इच्छा होती तेवढेच ऐकू गेले, आणि जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीस टेकला, असे व्यासांनी सांगितले आहे. दुसऱ्याच्या मनात खोटी समजूत उत्पन्न व्हावी या हेतूने केलेली कोणतीही योजना ही फसवणूकच होय. मग ती शब्दांनी केलेली असो, मौनाने असो, की गॅलरीतील आगगाडीने असो.

यावर दुसरा पक्ष दयेचा आहे. लहान जीवास रडविण्यापेक्षा थोडे लपविलेले बरे. अप्रिय सत्य बोलू नये असे शास्त्रच सांगते, असे हे लोक म्हणतात. मनुस्मृतीतील ज्या वचनाचा हा आधार, त्याचा पुढचा भाग मात्र ते सोयीने विसरतात. प्रिय असले तरी असत्य बोलू नये, असेही तेथेच बजावले आहे. शिवाय ही दया नक्की कोणावर होते हे तपासून पाहण्यासारखे आहे. मुलाचे दुःख त्याने टळले नाही. ते दारापासून न्हाणीघरापर्यंत, दिवसापासून रात्रीपर्यंत पसरले. टळले ते आपले दुःख. मुलाचे रडणे आपल्या कानांवर पडावयाचे राहिले, आणि न पडलेल्या रडण्यास आपण समाधान समजलो. आम्ही हे आईस दोष देण्यासाठी म्हणत नाही. हंबरडा फोडणाऱ्या लेकराकडे पाठ फिरवून जिना उतरणे किती कठीण असते हे ज्याने त्याने अनुभवावे. परंतु सोय आणि दया या दोन गोष्टी एकच नव्हेत, आणि सोयीस दयेचे नाव दिले की तिची तपासणी होत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तिसरा युक्तिवाद सर्वांत प्रचलित, आणि आमच्या मते सर्वांत दुबळा. ‘त्याला काय कळतंय!’ असे तो आहे. त्यास जर काहीच कळत नसेल, तर चपला हातात घेऊन जाण्याचे प्रयोजन काय? दगडापासून कोणी लपत नाही. लपून जाणारा माणूस, ज्याच्यापासून लपतो त्यास समज आहे हे आपल्या कृतीने कबूल करीत असतो. तोंडाने मात्र ती समज नाकारीत असतो. एकाच वेळी ज्यास समज आहे म्हणून चुकवावयाचे आणि समज नाही म्हणून सांगावयाचे नाही, अशी ही दुहेरी वागणूक आपण मुलांशी करतो, म्हाताऱ्यांशी करतो, आजाऱ्यांशी करतो. जो उलट बोलू शकत नाही त्यास सत्याची गरज कमी, असा एक अलिखित नियम आपल्या समाजात चालू आहे. वास्तविक तो उलटा असावयास हवा. ज्यास विचारता येते तो निदान विचारून सत्य काढून घेईल. ज्यास विचारता येत नाही त्यास आपण होऊन दिल्यावाचून ते मिळणारच नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी 1797 साली लिहिलेल्या एका निबंधात परोपकारासाठीही असत्य बोलण्याचा अधिकार नाकारला, आणि त्याचे कारण असे दिले की, असत्याने एका व्यक्तीचे नव्हे, तर वचन या वस्तूचेच मोल नष्ट होते व त्यायोगे साऱ्या मानवजातीची हानी होते. एवढ्याशा खोट्याने मानवजातीचे काय बिघडते, असे म्हणून आपण त्यांस हसतो. परंतु ज्याचे जग तीन माणसांचे आणि दोन खोल्यांचे आहे, त्याच्या बाबतीत कांट यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरते. एका लपविण्याने आजीचा हात अविश्वसनीय झाला, गॅलरी अविश्वसनीय झाली, आगगाडीतील आनंद नासला, आईची झोपही संशयास्पद झाली. आई कधी जाणार हे जर आधी कळत नसेल, तर ती प्रत्येक क्षणी जाण्याचा संभव आहे. आणि मग प्रत्येक क्षणी तिला धरून ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. त्या मुलाचे वागणे वेडेपणाचे नव्हते. त्यास मिळालेल्या पुराव्यावरून काढलेला तो बिनचूक निष्कर्ष होता.

मग सत्य सांगावयाचे ते कोणत्या भाषेत? ‘येते’ हा शब्द त्यास भाजीइतक्या वेळेचा ठाऊक होता. दहा तासांच्या वियोगास तोच शब्द लावणे ही पुन्हा फसवणूकच झाली असती. घड्याळ त्यास कळत नव्हते. त्यास कळत होता तो क्रम. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात एरिक शॉप्लर यांनी 1972 सालापासून सरकारी पाठबळाने चालविलेल्या योजनेत या मुलांसाठी दिवसाचा क्रम चित्रांनी मांडण्याची पद्धत रुजविली गेली, आणि आज ती जगभर वापरात आहे. या कुटुंबातही उपचार करणाऱ्या बाईंनी तोच मार्ग सुचविला. एका पुठ्ठ्याच्या पट्टीवर ओळीने चित्रे लावली: आई पिशवी घेते, आई चपला घालते, दार, आगगाडी, आईची कचेरी, खाली मुलाचे जेवण, झोप, आजीबरोबर मणी, दिवेलागण, आणि शेवटी पुन्हा तेच दार व दारात आई. एक गोष्ट झाली की तिचे चित्र मुलाने स्वतः काढून डब्यात टाकावयाचे. प्रथम पाच मिनिटांचे जाणे, मग पंधरा मिनिटांचे, मग तासाचे, असा सराव सुट्टीच्या दिवसांत केला. आईने चपला दारातच, त्याच्या देखत घालावयाच्या, ‘येते’ म्हणावयाचे, आणि एकदा निघाल्यावर रडणे ऐकून जिन्यातून परत फिरावयाचे नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जो मुलगा फसविला जात असता रडत नव्हता, तो सत्य कळताच रडू लागला. सात-आठ आठवडे तो रोज सकाळी दाराशी आकांत करी, आणि शेजारची मंडळी ‘यापेक्षा पहिलेच बरे होते’ असे म्हणत. आजीचाही धीर सुटे. परंतु त्याच आठवड्यांत तो न्हाणीघराच्या दारावर डोके आपटीनासा झाला, रात्री उठेनासा झाला आणि पुन्हा गॅलरीत जाऊ लागला. भीती घरभर पसरली होती ती गोळा होऊन एका जागी, एका वेळी आली होती. आणि ज्या दुःखास जागा व वेळ आहे त्यास शेवटही असतो. असत्याने दिलेली शांतता आणि सत्याने आणलेले रडणे यांपैकी रडणे हेच आरोग्याचे चिन्ह होते. पुढे ते ओसरले. अगदी गेले नाही. पावसाळ्यात गाड्या अडकून आईस उशीर झाला की पुन्हा चार दिवस त्रास होई. तेव्हा पट्टीवर थांबलेल्या आगगाडीचे एक चित्र वाढविले, आणि आईने नेमक्या वेळेचे वचन देणे सोडून दिले. पाळता येणार नाही असे वचन न देणे, हाही सत्याचाच भाग आहे.

कोणी म्हणेल की, एवढा खटाटोप करण्यापेक्षा आईने घरीच का राहू नये? या प्रश्नास एक लाजिरवाणा इतिहास आहे. आईबापांच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, ही कल्पना एकेकाळी मोठमोठ्या विद्वानांनी उचलून धरली होती. कॅनर यांनीच 1949 साली पालकांच्या थंडपणास शीतकपाटाची उपमा दिली. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967 सालच्या आपल्या ग्रंथात या मतास मोठी प्रसिद्धी दिली, आणि हजारो माता आपल्या लेकराचा घात आपणच केला अशा समजुतीने झुरत राहिल्या. कॅनर यांनी 1969 साली पालकांच्या सभेत त्यांस उघडपणे निर्दोष ठरविले. 1977 साली सूझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांच्या जुळ्या मुलांच्या अभ्यासाने या अवस्थेचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध दाखविला. शास्त्राने तो आरोप मागे घेतला. समाजाने मात्र तो नव्या शब्दांत चालूच ठेवला आहे. ‘अशा मुलाला टाकून नोकरीला जाते’ या वाक्यातील ‘टाकून’ हा शब्द त्याच आरोपाचा नातलग आहे.

मुलाचे वडील तर त्याच्या जन्मापासून रोज सकाळी कामावर जात होते. त्यांच्या जाण्याने मुलगा कधी रडला नाही, आणि ते मुलास टाकून जातात असे कोणी म्हटलेही नाही. यावरून मुलाचे वडिलांवर प्रेम नव्हते असे ठरते काय? त्यांचे जाणे प्रथमपासूनच त्याच्या जगाच्या क्रमात होते, एवढेच त्यावरून ठरते. मुलास असह्य झाले ते आईचे जाणे नव्हे. न सांगता बदललेला क्रम असह्य झाला. समाजाचा कायदाही आईसाठी एक आणि बापासाठी एक असाच चालतो. केंद्र सरकारच्या सेवेतील स्त्रीस मुलांच्या संगोपनासाठी साऱ्या सेवाकाळात 730 दिवसांची रजा मिळते. पुरुषास हीच सवलत 2018 साली देण्यात आली, ती तो अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित असेल तरच. पत्नी हयात असलेल्या बापास मूल सांभाळण्याचे कारण नाही असे नियमाने गृहीत धरले, आणि खासगी नोकरीतील आईस तर अशा रजेचा नियमच नाही. या घरी वडिलांनी आठवड्यातून दोन दिवस उशिरा जाण्याची परवानगी मिळविली आणि सकाळची पट्टी ते मुलाबरोबर वाचू लागले. मुलाच्या रडण्यात जो पहिला मोठा फरक पडला तो त्या दोन दिवसांत.

रायगडच्या हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? ती गडावर दूध विकावयास गेली, दरवाजे बंद झाले, आणि तान्ह्या मुलाच्या ओढीने रात्री ती कडा उतरून घरी आली. आज एस.टी.च्या स्थानकांत मातांसाठी ठेवलेल्या खोल्यांस तिचे नाव आहे. ही कथा आपण मातेच्या प्रेमाची म्हणून सांगतो. परंतु ती कामावर गेलेल्या मातेची कथा आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. ती दूध विकावयास गेली म्हणून तिला कोणी बोल लावला नाही. तिचे मोठेपण घरी राहण्यात नव्हते. ते परत येण्यात होते.

तथापि सर्वांस लागू पडेल असा नियम आम्ही सांगत नाही. काही मुलांचा त्रास इतका तीव्र असतो की त्यांच्या प्रकृतीस अपाय होईल. काही घरांत आजी नसते, आणि पाळणाघरात अशा मुलास घ्यावयास कोणी तयार नसते. तेथे आईने, किंवा बापाने, घरी राहणे हेच उचित ठरेल. जावे की राहावे, याचे उत्तर घरोघर निराळे असू शकेल. परंतु जावयाचे असेल तर सांगून जावे, ज्यास सांगावयाचे त्याच्या भाषेत सांगावे, आणि सांगितल्याप्रमाणे परत यावे; या तीन गोष्टींस मात्र अपवाद असू नये असे आमचे मत आहे. मोबदल्यात हसरे स्वागत मिळेल अशी अपेक्षाही ठेवू नये. या मुलांच्या आईबापांस परत येण्याची पोच कधी मिळते, कधी मिळत नाही. वचन पाळावयाचे ते पोच मिळते म्हणून नव्हे.

या विषयाच्या तळाशी आणखी एक प्रश्न आहे, आणि अशा मुलांचे पालक तो उजेडात क्वचितच उच्चारतात. आपल्या पश्चात याचे कसे होईल, हा तो प्रश्न. कोणत्याही माणसाचे ‘येतो’ हे वचन कायमचे पाळले जाणारे नाही. पालक मागे राहणार नाहीत हे ओळखून, 1999 सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्न व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली आहे. परंतु कागदावर नेमलेल्या माणसावर विश्वास ठेवावयास कायदा कोणास शिकवू शकत नाही. ते शिक्षण रोजच्या लहान वियोगांतूनच मिळावयाचे. आई गेली असता आजी असते, आजी नसता वडील असतात, सांगितलेला क्रम सांगितल्याप्रमाणे चालतो, आणि जग एकाच माणसाच्या हातात लोंबकळत नाही, असा अनुभव ज्यास वर्षानुवर्षे आला असेल, त्याच्यापाशी त्या मोठ्या वियोगाच्या दिवशी निदान काही शिदोरी राहील. फसवून गेलेली आई ही शिदोरीच खर्च करून टाकते. आमच्या मते नजर चुकवून जाण्यावरील सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

तो मुलगा आता सात वर्षांचा आहे आणि शाळेत जातो. शाळेच्या पहिल्या दिवसासाठी त्याची स्वतःची एक पट्टी तयार केली होती. तिच्या शेवटी त्याच्या घराचे दार होते. पाठीस दप्तर लावून तो उंबरठ्यावर उभा राहिला आणि आजीकडे न पाहता, आपल्या नेहमीच्या सुरात, ‘येते’ असे म्हणाला. मुलाने ‘येतो’ म्हणावयाचे असते हे आजीस ठाऊक होते. पण तिने ती चूक सुधारली नाही. ती दाराशी आली आणि कोणासही म्हणावे तसे ‘ये हो’ एवढेच म्हणाली.